आबांची टोपी आणि माझा पदर

मी फार बोलते. हे मी सांगायला नको, आमच्या तापीकाठच्या गावात कुणालाही विचारा. केळी भरायला येणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरपासून ग्रामसेवकापर्यंत सगळ्यांनी माझं तोंड ऐकलंय. माहेरी, कळसाडीला, माझे वडील म्हणायचे, ही पोरगी सासरी एक तर राज्य करेल नाही तर आठवड्यात परत येईल. मी परत गेले नाही. राज्यही बऱ्यापैकी केलं. फक्त एका माणसापुढे माझं तोंड लग्न झाल्यापासून बंद होतं, आणि ते म्हणजे माझे सासरे, आमचे आबा.

आमच्याकडे सुनेनं सासऱ्यापुढे डोक्यावरचा पदर पार हनुवटीपर्यंत ओढायचा आणि त्यांच्याशी थेट बोलायचं नाही. याला लाज काढणं म्हणतात. आता नव्या सुना नाही पाळत. माझी धाकटी जाऊ सुरतला पंजाबी ड्रेसवर फिरते आणि फोनवर आबांना "हॅलो पप्पा" करते. आबा फोन कानाला लावून नुसते "हं, हं" म्हणत बसतात. पण मी मोठी सून, जुन्या काळात आलेली. मला सासूनं उंबरठ्यावर जे शिकवलं ते अंगात मुरलं. आबांनीही मला कधी नावानं हाक मारली नाही. सासूशी बोलताना "मोठीले सांग" असं म्हणायचे, तेवढंच.

सासू होत्या तोवर निरोप त्यांच्यामार्फत जायचे. त्या गेल्या आणि दिवसभर घरात आम्ही दोघंच उरलो. नवरा शेतात, मुलं बाहेरगावी नोकरीला. मग आबांनी आपली एक रीत काढली. ओट्यावर बसायचे आणि समोरच्या निंबाला विचारल्यासारखं म्हणायचे, "चहा व्हई का?" मी आत चुलीशी असले की हातातल्या बांगड्या वाजवायची. वाजल्या म्हणजे हो, नाही वाजल्या म्हणजे नाही. घरात दूध नासलेलं असलं तरच मी गप्प बसायची. बरं चाललं होतं आमचं.

मग गेल्या काही वर्षांत काय झालं कुणास ठाऊक. आबा विचारायचे, मी बांगड्या वाजवायची, आधण ठेवायची, आणि कप घेऊन दारात येते तर ओटा रिकामा! हे आपले काठी टेकत चावडीकडे निघालेले. असं पुन्हा पुन्हा व्हायला लागलं. पुढे तर त्यांनी विचारणंच सोडलं. मला असा संताप यायचा म्हणून सांगू! तो चहा मी गटारीत ओतायची आणि भांडी आदळायची. नवऱ्याला म्हणायची, तुझ्या बापाला माझ्या हातचा चहा कडू लागतो, तर तसं तोंडानं सांगा म्हणावं. नवरा म्हणायचा, जाऊ दे, आबा आपल्या मनाचे राजे. आणि विषय तिथेच संपायचा.

मागच्या हिवाळ्यात आबा केळीच्या बागेत पडले. ऐंशीच्या घरातला माणूस, पण सकाळी बागेत चक्कर मारल्याशिवाय त्यांना चैन पडायची नाही. ठिबकची नळी ओळीबाहेर आली होती, तिच्यात चप्पल अडकली आणि ते कुशीवर आपटले. पानं कापणाऱ्या बायांनी हाक ऐकली. बाजेवर घालून, बाज पिकअपमध्ये ठेवून शहाद्याला दवाखान्यात नेलं. फोटो काढला, खुब्याचं हाड मोडलेलं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन ठरलं.

ऑपरेशनला नेण्याआधी तिथल्या सिस्टरनं आबांची टोपी, चष्मा आणि कवळी काढून एका पिशवीत घातली आणि माझ्या हातात दिली. मी ती लगेच नवऱ्याला दिली. म्हटलं, घरी ने, कपाटात ठेव आणि किल्ली लाव. दवाखान्यात वस्तूंना पाय फुटतात. आमच्या गावचा कुणीही दवाखान्यात पडला की असंच करतात. माणूस तिथे आणि त्याचं सगळं किडूकमिडूक घरी कुलपात. त्या माणसाला तिथे त्या वस्तू लागतील, हे कुणाच्या डोक्यात येत नाही. पडूनच तर राहायचंय, त्याला काय करायचाय चष्मा?

ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टर तरुण होता, बोलायला सरळ. त्यानं नवऱ्याला आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, "हाड बसवलंय. त्याची काळजी मला. आता मला भीती आहे ती पलंगाची." आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मग त्यानं समजावलं. या वयात माणूस पडून राहिला की छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात, पायात रक्त गोठतं, डोक्याचा गोंधळ उडतो. हाड जुळतं आणि माणूस हातचा जातो. म्हणून उद्या सकाळीच बसवायचं, वॉकर धरून उभं करायचं. पाणी पाजत राहायचं. दिवसा झोपू द्यायचं नाही. आणि बोलत राहायचं, सारखं, त्यांना कळत राहिलं पाहिजे की आपण कुठे आहोत आणि कुणाजवळ आहोत.

"दिवसा कोण असतं त्यांच्याजवळ?" त्यानं विचारलं.

नवऱ्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. केळीची कापणी सुरू होती, त्याला रात्रीच येता येणार होतं. मी पदराआडून मान हलवली. दुसरं काय करणार? आयुष्यभर सगळे मला म्हणत आले, बाई जरा गप्प बस. आणि ज्या एका माणसाशी बोललं तर तो जगेल, त्याच्याशीच बोलायची मला सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर वॉकर घेऊन आली. तळोद्याच्या वरच्या डोंगरातली पोरगी, घरी पावरी बोलणारी. आमच्याशी शाळेतल्या मराठीत बोलायची, अगदी सावकाश, एकेक शब्द नीट मांडून. तिनं दुखण्याचं इंजेक्शन आधीच दिलं होतं. "आबा, उठून बसायचं," ती म्हणाली. आबांनी माझ्या दिशेला एकदा पाहिलं आणि चादर डोक्यावरून ओढून भिंतीकडे तोंड केलं. तिनं पुन्हा सांगितलं. त्यांनी चादर आणखी घट्ट धरली. मी पायथ्याशी उभी होते, पदर खाली ओढून. मला वाटलं, झालं, म्हाताऱ्यानं हट्ट धरला.

मग भेटणारे आले. आमच्याकडे कुणी दवाखान्यात पडलं की अख्खी गल्ली गाडी करून भेटायला येते. एका वेळी दोघांनीच आत जायचं असं दारावर लिहिलेलं होतं, पण ते वाचतंय कोण? रनाळ्याहून आत्या आल्या, म्हणजे आबांची धाकटी बहीण. त्या थेट पलंगावर बसल्या आणि रडून घेतलं. मग म्हणाल्या, "पडी ऱ्हाय दादा, हालू नको बरं. हाड जुळू दे." सगळ्यांनी री ओढली. सिस्टर म्हणाली की त्यांना बसवायला सांगितलंय, तर आत्या तिच्यावरच डाफरल्या, "मोडेल हाडना मानूसले उभं करतस का कोठे?"

भेटायला आलेल्यांना आजारी माणूस बसलेला दिसला तर ते गावात जाऊन सांगतात की त्याला काही झालेलं नाही. उभा दिसला तर सांगतात की घरचे म्हाताऱ्याचे हाल करतात. हे मला पाठ होतं. आणि एरवी मी त्या सगळ्यांना दारापर्यंत पोचवलं असतं, पण तिथे निम्मे लोक माझ्या सासऱ्याच्या मानाचे. पदराआड जीभ टाळूला चिकटलेली. मी कोपऱ्यात उभी राहून पाय बदलत होते आणि आतल्या आत धुमसत होते. डॉक्टरचं बोलणं माझ्या कानात होतं, आणि आबा दिवसभर आडवेच होते.

संध्याकाळी दिवे लागले आणि आबांचं डोकं फिरलं. त्यांनी हातातलं सलाईन ओढलं. "बैलले पानी पाजं का कोनी?" असं विचारायला लागले. आमच्याकडे बैल विकून किती काळ लोटला. मग सासूला हाका मारायला लागले. मग त्यांची नजर माझ्यावर गेली. मी पायथ्याशी उभी, तोंड झाकलेलं. आणि तो माणूस मला पाहून थरथरायला लागला. "हाई बाई कोन शे? हाई कसाले उभी शे? तिले भायेर काढा!"

माय वं! मला काय वाटलं ते कसं सांगू? इतकी वर्षं ज्यांच्या ताटात मी भाकरी वाढली, ज्यांचं धोतर धुतलं, ते मला घाबरत होते. मी दाराबाहेर गेले आणि बाकड्यावर बसून रडले. रागानं रडले की दुःखानं, मलाच कळेना.

तेवढ्यात नवरा आला. त्यानं बापाची ती अवस्था पाहिली आणि डॉक्टरला म्हणाला, झोपेचं इंजेक्शन द्या. डॉक्टर नाही म्हणाला. त्या इंजेक्शननं गोंधळ वाढेल, उद्या ते जास्तच पडून राहतील. हातही बांधायला तो तयार नव्हता. म्हणाला, म्हाताऱ्या माणसांचं असं होतं, बहुतेकदा उतरतंही, पण आपण कारण शोधलं पाहिजे. त्यानं लघवी, ताप, छाती सगळं तपासलं. लघवीची नळी तेव्हाच काढून टाकली, ती असली की म्हातारी माणसं आणखी बिथरतात म्हणे. कुशीवर वळवलं तेव्हा माकडहाडावर लाल चट्टा दिसला. डॉक्टरनं तो मला दाखवला. "एका दिवसात एवढं झालंय," तो म्हणाला. "उद्याही उठले नाहीत तर मग मला खात्री देता येणार नाही. ते बागेत पुन्हा चालतील की घरी पलंगावरच राहतील, हे आता एक-दोन दिवसांत ठरेल."

सिस्टर माझ्याजवळ बाकड्यावर येऊन बसली. तिनं विचारलं, "काकू, आबांना ऐकू कमी येतं का?"

मी म्हटलं, नाही गं, ते मनाचे राजे आहेत.

"मला वाटतं कमी येतं," ती म्हणाली. "मी त्यांच्या तोंडासमोर बोलले की उत्तर देतात. बाजूनं बोलले की देत नाहीत. ते माझे ओठ बघतात. आज मी मास्क लावला होता तेव्हा काहीच कळलं नाही त्यांना. चष्मा नाही, म्हणून आता ओठही नीट दिसत नाहीत. तुम्ही त्यांचा चष्मा आणा. आणि तोंडावरचा पदर काढून बोला. त्यांना तुमचं तोंड दिसलं पाहिजे."

मी म्हटलं, बाई, तू म्हणतेस ते खरं असेल, पण आमच्यात तसं नसतं. मी पदर काढला तर त्यांचा जीव लाजेनंच जाईल. ती हसली नाही की रागावली नाही. म्हणाली, "मग टोपीपण आणा. सकाळपासून चादर डोक्यावर ओढतायत. मला वाटतं उघड्या डोक्यानं त्यांना तुमच्यासमोर बसायचं नाही."

आता कप्पाळ माझं! हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. ज्या माणसाला मी जन्मात बोडक्यानं पाहिलं नाही, जो झोपतानाही टोपी उशाशी घेतो, त्याला आम्ही हिरवा झगा घालून, टोपी, चष्मा, दात सगळं काढून घेऊन सुनेसमोर टाकलं होतं, आणि वर म्हणत होतो उठून बसा. मी लाज काढत होते, तशीच तेही काढत होते. त्यांच्याजवळ पदर नव्हता, म्हणून चादर.

मी नवऱ्याला म्हटलं, आत्ताच्या आत्ता गावाला जा आणि ती पिशवी घेऊन ये. तो म्हणाला, "आते? सकाळी केळीनी गाडी येवाव शे, जाता जाता..." त्याला मी पुढे बोलू दिलं नाही. वॉर्डातले लोक माना वर करून बघायला लागले एवढ्या आवाजात मी त्याला काय ते सांगितलं. तो गेला. आला तेव्हा आबांचा डोळा लागला होता. पिशवी मी रात्रभर मांडीवर धरून बसले होते, जणू तिच्यातच त्यांचा जीव होता.

सकाळी ऊन खिडकीतून आत आलं. आबा जागे झाले, छताकडे बघत पडले होते. आधी नवऱ्यानं त्यांना स्वच्छ धोतर नेसवलं, कवळी बसवली, चष्मा लावला. टोपी हातात दिली, ती त्यांनी स्वतः घातली, दोन्ही हातांनी, पुढून मागून नीट चापून. मग नवऱ्याला मी म्हटलं, तू जा तुझ्या केळीकडे. तो असता तर मला जमलं नसतं.

मी पलंगाजवळ स्टूल ओढलं. समोर बसले. आणि पदर मागे सारला, पार कानांमागे.

आबांनी पाहिलं. काय बघत होते कुणास ठाऊक. मी सासरी आले तेव्हा चेहरा कोवळा होता, तो त्यांनी पाहिलाच नाही. पाहिला तो हा पन्नाशीचा, पिकल्या केसांचा. मी मोठ्यानं, एकेक शब्द तोडून म्हटलं, "आबा, मी मोठी. तुमनी वहू. तुमी बागम्हा पडनात. दवाखानाम्हा शेतस. ऑपरेशन व्हयनं. आते उठी बठा."

ते माझ्या ओठांकडे बघत होते. अगदी लहान मूल बघतं तसं. मग टोपीला एकदा हात लावून खात्री केली आणि म्हणाले, "मोठी शे का? मंग आधीच सांगवं ना."

आधीच सांगवं ना! मला हसूही आलं आणि डोळेही भरले. मी आणि सिस्टरनं दोन्ही बाजूंनी धरलं. त्यांनी दात आवळले, आई आई केलं, आणि बसले. पाय खाली सोडून बसले. जरा घेरी आली, थांबलो, पाणी पाजलं. मग वॉकर समोर ठेवला आणि ते उभे राहिले. गुडघे लटपटत होते, कपाळावर घाम, पण उभे.

आणि नेमक्या तेव्हा आत्या आत आल्या. आधी भाऊ उभा दिसला, मग माझं उघडं तोंड दिसलं. कशानं जास्त धक्का बसला ते त्यांचं त्यांना माहीत. "अरे देवा! मोठी, तुले काही लाज? सासरासमोर उघडं तोंड! आनी त्या मोडेल मानूसले उभं करी दिधं!"

माझ्या तोंडात आलं होतं, चांगलं खणखणीत आलं होतं. पण आबांनीच मान वळवली. त्यांना आत्यांचं बोलणं किती ऐकू आलं मला माहीत नाही, चेहऱ्यावरून मात्र सगळं कळलं असणार. "बोलू दे तिले," ते म्हणाले. "तिनं बोलनं माले समजस." आणि वॉकर पुढे सरकवला. आत्या बाहेर बाकड्यावर जाऊन बसल्या. नंतर मी त्यांना चहा पाजला, आणि दाराशी पहारा द्यायला बसवलं. भेटायला येणाऱ्यांना दोघादोघांनीच आत सोडायचं काम आत्यांनी असं चोख केलं की विचारू नका. सरपंचालाही बाहेर उभं केलं.

त्यानंतरचे दिवस मला अजून आठवतात ते आवाजाचे. डॉक्टरनं बोलत राहा म्हटलं होतं ना? मी बोलत राहिले. आज वार कोणता, खिडकीबाहेर काय दिसतं, केळीला काय भाव आला, शेजारणीची म्हैस कशी व्याली, सगळं. पलीकडच्या पलंगावरचा माणूस एकदा म्हणाला, ताई, माझंही डोकं ठिकाणावर आहे, जरा हळू. आबा हसले, खो खो करत. तो आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता.

आबांना छातीसाठी प्लॅस्टिकचं एक यंत्र दिलं होतं, श्वास ओढला की आतल्या तीन गोळ्या वर उचलणारं. ते त्यात फुंकायचे. मी म्हणायची, "आबा, फुंकानं नही, ओढानं! चिलम ओढतस तसं!" मग बरोबर ओढायचे, दोन गोळ्या वर जायच्या, तिसरी अर्ध्यावर. गोधडीतलं पाऊल वर-खाली हलवत राहायचं. कूस बदलायची. ताक प्यायचं. जेवताना खुर्चीत बसायचं, पलंगावर नाही. दिवसा डोळे मिटले की मी टाळी वाजवायची. रात्री मात्र दिवा बंद करून त्यांना शांत झोपू द्यायचं. पाठीचा लाल चट्टा फिका पडत गेला. सांजेला पुन्हा एकदा त्यांनी बैलांचं विचारलं. मी तोंडासमोर जाऊन सांगितलं, आबा, बैल विकले, ट्रॅक्टर आहे. "हां, खरं शे," म्हणाले. पुन्हा नाही विचारलं.

घरी सोडण्याच्या आदल्या दिवशी आम्ही वऱ्हांड्यात बाकड्यावर बसलो होतो. सिस्टरनं त्यांना पायऱ्या शिकवल्या होत्या, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, आणि ते थकले होते. चहावाला आला. मी दोन चहा घेतले, एक त्यांच्या हातात दिला. त्यांनी बशीत ओतला, एक घोट घेतला आणि माझ्या हाताकडे बघत राहिले.

"बांगड्या शेतस तर," ते म्हणाले.

मला कळेना. मी म्हटलं, आबा, बांगड्या तर माझ्या हातात कायमच आहेत.

मग ते सावकाश बोलले. म्हणाले, आधी मी चहाचं विचारायचो तेव्हा बांगड्या वाजायच्या. मग एक दिवस वाजल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. मी विचारत राहिलो. कधीच वाजल्या नाहीत. म्हणून मी उठून जायचो, तुझ्या दारात बसून तुला अवघडून कशाला ठेवायचं? "माले वाटे, मोठी रुसनी. तुन्ही सासू ऱ्हाती तर तिले इचारतू. कोनले इचारू?"

हातातला चहा माझ्या तोंडापर्यंत गेलाच नाही. मी वाजवत होते हो! रोज वाजवत होते. आत मी बांगड्या वाजवून आधण ठेवत होते, आणि बाहेर त्यांच्या कानावर रोज 'नाही' पडत होतं. मी दारात कप घेऊन उभी, ते चावडीच्या वाटेला. मी भांडी आदळत होते, आणि तेही त्यांना ऐकू येत नव्हतं. एका घरात दोन माणसं, आणि दोघंही एकमेकांवर रुसलेली, न भांडता. मी हात वर केला आणि त्यांच्या डोळ्यांसमोर बांगड्या हलवल्या. ते बघत राहिले, आणि मान डोलावली.

घरी आणलं तेव्हा अंगणात निम्मं गाव जमलेलं. जीप थांबली आणि मी काय केलं सांगू? हात आपोआप गेला आणि पदर खाली आला, पार हनुवटीपर्यंत. दवाखाना परक्या गावचा होता. हे माझं सासर, हे माझे दीर, जावा, हे आबांच्या जोडीचे म्हातारे. सवय ती सवय.

आबा नवऱ्याच्या आधारानं उतरले. वॉकर टेकत ओट्यापर्यंत आले. ओट्याला दोन पायऱ्या. पायरीजवळ ते थांबले. लोक चारी बाजूंनी ओरडायला लागले, उचला त्यांना, खुर्चीत बसवून घ्या, धरा, धरा. आबा गोंधळून इकडेतिकडे बघत होते. वॉकर हलायला लागला. मी मागून म्हटलं, आबा, चांगला पाय आधी. ते जागचे हलले नाहीत. मी पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. नाही. नवरा त्यांना उचलायला वाकला. एकदा उचललं की रोजच उचलावं लागेल, हे मला दवाखान्यात शंभरदा सांगितलं होतं.

तेव्हा आबांनी त्याचा हात बाजूला केला. मान वळवून मला शोधलं, आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मोठी, तोंड दखाड. माले आयकू येत नही."

बायका माझ्याकडे बघायला लागल्या, म्हातारे जमिनीकडे. मी आबांच्या समोर, ओट्यावर जाऊन उभी राहिले आणि पदर मागे टाकला.

"चांगला पाय आधी," मी म्हटलं.

त्यांनी माझे ओठ पाहिले, टोपी सारखी केली, आणि चांगला पाय पायरीवर ठेवला. मग दुसरा. मग पुन्हा चांगला. ओट्यावर आले, आपल्या जागी बसले, निंबाकडे तोंड करून. जरा दम खाल्ला. मग निंबाकडे पाठ केली, माझ्याकडे वळले आणि विचारलं, "चहा व्हई का?"

"व्हई, आबा," मी म्हटलं.